टिपणीसबाईंचं बघणं

पेणला टिपणीसबाईंचा दवाखाना होता तिथं आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान झालं आहे. जिना तोच. जिन्याच्या भिंतीवर तेलरंगात ‘पाणी पिऊन बसा’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. ते नव्या मालकानं पुसलं नाही, त्यामुळं कव्हर घ्यायला येणारी पोरं वर चढताना जरा बिचकतात.

बाई सोनोग्राफीच्या डॉक्टर. सोमवार, बुधवार, शुक्रवार पेण. मंगळवार, गुरुवार रोहा. घर रोह्याला, नदीच्या अंगाला, आणि तिथला दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. एका बाईनं विचारलं होतं म्हणतात, टेबलावर झोपल्या झोपल्या. टिपणीसबाई म्हणाल्या, "श्वास रोखा." आणि बराच वेळ सोडा म्हणाल्या नाहीत.

उंच, वाळक्या, सुती साडी, वर पांढरा डगला. चष्मे दोन. एक पडद्यासाठी, एक माणसांसाठी. माणसांचा बहुतेक वेळ पर्समध्ये असायचा.

मी खारबंदिस्तीवर उघाडी सांभाळायचो. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधाला बसवलेला दरवाजा. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. शाळा तिसरीपर्यंत. त्यामुळं या लिहिण्यात चुका निघतील. त्या माझ्या आहेत, त्या कोणी दुरुस्त करायच्या नाहीत.

सोनोग्राफीला पोटावर ती जेली लावतात. बाई तिची बाटली गरम पाण्याच्या तपेलीत उभी करून ठेवायच्या. हे त्या कोणाला सांगत नसत. दुसरीकडं जाऊन आलेल्या बायाच सांगायच्या, तिकडं अंगावर काटा येतो, हिकडं येत नाय. बाकी मऊपणा म्हणाल तर तेवढाच. कोणी विचारलं, "बाई, घाबरन्यासारखं काय नाय ना?" तर म्हणायच्या, "मी बघते. घाबरायचं की नाही ते तुमचे डॉक्टर सांगतील."

नंबराच्या चिठ्ठ्या होत्या, पण नावाला. लघवीची पिशवी भरल्याशिवाय आतलं नीट दिसत नाही म्हणून सगळी माणसं बाकावर पाणी पिऊन बसलेली असत. बाई दारात यायच्या, बाकावरून एक नजर फिरवायच्या आणि ज्याचे पाय जास्त हलतायत त्याला आत घ्यायच्या. एकदा एक पुढारी मुतखड्यासाठी आला. सोबत दोन माणसं. पुढारी माणूस, तो चारचौघांत पाय कसा हलवणार? दीड तास ताठ बसला. मग बाईंच्या मदतनीस सुमनला म्हणाला, "ताई, आत सांगा की मी कोण ते."

सुमन आत गेली. बाईंचा आवाज बाहेरपर्यंत आला, "कोण ते ठाऊक आहे. भरलंय का ते विचार."

शेजारी वाशीकडची एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "पाय हलव रे बाबा. त्यानं मतं कमी व्हनार नाय."

पुढाऱ्यानं हलवले. पुढच्या मिनिटाला त्याला आत घेतलं.

दुसरी एक सासू. सून पोटुशी, टेबलावर. भिंतीवर कायद्याची पाटी, मुलगा की मुलगी विचारायचं नाही म्हणून. सासू शहाणी. ती म्हणाली, "बाई, जाताना बाजारात जायचं हाय. पेढे घेऊ का बर्फी?"

"डाळिंब घ्या," बाई म्हणाल्या. "मुलीच्या अंगात रक्त नाही."

मासळीबाजारातही हेच. कोलंबी असो की बोंबील, उलटापालटा करून उजेडाकडं धरून बघायच्या. एका कोळणीनं शेवटी टोपली झाकली. "बाय, तुज्या बघन्यानं त्याला पोरं व्हतील. घेतंस का नाय?" बाईंनी मासा परत दिला आणि म्हणाल्या, "हा कालचा आहे." कोळीण म्हणाली, "तुना कसं कललं?" म्हणजे कालचाच होता.

पण बाईंची खरी खोड निराळी. कोणी दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी किंवा आधीचा रिपोर्ट आणला की त्या तो वाचायच्या नाहीत. टेबलावर पालथा घालायच्या आणि वर कुंडलिका नदीतला एक चपटा गोटा ठेवायच्या. आधी पोट बघायचं, दिसलं ते आपल्या हातानं लिहायचं, मग गोटा उचलायचा. "नाव मागाहून," म्हणायच्या, "आधी आकार. नाव आधी कळलं की डोळा तेच शोधत बसतो." एक तरणा डॉक्टर त्यांच्याकडं शिकायला यायचा. तो म्हणाला, "मॅडम, आधी वाचलं तर काम लवकर होईल." बाई म्हणाल्या, "होईल. काम लवकर होईल." तो बिचारा दिवसभर विचार करत बसला, की हे हो म्हणणं होतं की नाही म्हणणं.

आणि एक वही होती, लाल पुठ्ठ्याची. तिच्यात बाईंनी स्वतःच्या चुका लिहिलेल्या. कोणाच्या पोटात काय होतं आणि आपल्याला काय दिसलं नाही. वर्ष सरलं की सुमनला समोर बसवून ती वही पहिल्यापासून वाचून दाखवायच्या. सुमन म्हणायची, "मना त्यातलं काय कलत नाय. पन त्या वाचतात, मी हूं म्हनतं."

मला हा वेडेपणा वाटायचा. चूक झाली तर झाली. ती लिहून ठेवायला ती काय लग्नपत्रिका आहे?

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या, म्हणजे हिराबाईच्या पोटात दुखायला लागलं. वर, डाव्या अंगाला. गावातल्या डॉक्टरनं सोनोग्राफी सांगितली. वार होता मंगळवार, बाई रोह्याला, म्हणून आमच्या थोरल्यानं, वसंतनं तिला पेणमध्येच दुसऱ्या एका ठिकाणी नेलं. तिथं म्हणाले, स्वादुपिंडात पाण्याची गाठ दिसते, मुंबईला जा. स्वादुपिंड नावाची वस्तू पोटात असते हे मला तोवर माहीत नव्हतं. तिनं कधी त्रास दिला नव्हता.

मुंबईला सीटी स्कॅन झाला. तिथल्या डॉक्टरनं नीट, हळू समजावून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, आज हा कॅन्सर नाही. पण या जातीची गाठ पुढंमागं कॅन्सरकडं वळते. तेव्हा अर्धं स्वादुपिंड काढायचं, त्याच्याबरोबर पाणथरी, म्हणजे प्लीहाही काढावी लागेल. मग साखर होऊ शकते, इन्सुलिनच्या सुया घ्याव्या लागतील. आणि हिराबाईचं हृदय आधीच अशक्त, तेव्हा टेबलावर काही बरंवाईट होऊ शकतं, तशी घरच्यांनी सही द्यायची. तारीख दिली बारा दिवसांवरची. सोमवार.

हिराबाई म्हणाली, "सोमवारी नको. सोमवारी पापडाचं पीठ मळायचं ठरलंय."

डॉक्टर हसला. आम्ही हसलो नाही. ठरलेलं होतं.

घरी आल्यावर मी म्हटलं, टिपणीसबाईंना दाखवू.

वसंत म्हणाला, "आबा, एवढ्या मोठ्या मशीनवर काढलंय. बाई आनखी काय बघनार?"

"त्यांनी हिचं पोट आधी बघितलेलं हाय."

"त्याला चौदा वर्सं झाली."

"पोट तेच हाय."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. शुक्रवारी बाई पेणला आल्याच असत्या, पण मला एक दिवस काढवेना. आम्ही तिघं रोह्याला गेलो.

बाईंनी मुंबईचा रिपोर्ट घेतला, पालथा घातला, वर गोटा ठेवला. वसंतनं माझ्याकडं बघितलं. हिराबाईला त्यांनी टेबलावर घेतलं आणि थोड्या वेळानं उठवून बसवलं. दोन मोठे पेले पाणी पाजलं. "पोटात पाणी असलं की त्यातून पलीकडचं दिसतं. खिडकीसारखं," म्हणाल्या. परत बघितलं. बसवून बघितलं, कुशीवर वळवून बघितलं. बाहेर बाकावर पाय हलवणारी माणसं वाढली. सुमन दोनदा दारातून डोकावून गेली. मग बाईंनी मुंबईची सीडी मागून घेतली आणि संगणकावर लावली. एकेक चित्र पुढं, एकेक मागं. मग आपल्या हातानं अर्धं पान लिहिलं. आणि मग गोटा उचलला.

रिपोर्ट वाचता वाचता त्या थांबल्या.

"हिराबाई, वय काय तुमचं?"

हिराबाईनं माझ्याकडं बोट केलं. "यांना इचारा. माझं वय यांच्याकडं असतं."

"बावन्न," मी म्हणालो. "आधारवर हाय."

बाईंनी पर्समधून माणसांचा चष्मा काढला आणि घातला. हिराबाईकडं बघितलं. मग वसंतकडं.

"हा कोण?"

"आमचा थोरला."

"किती वर्षांचा?"

"सेहेचाळीस," वसंत म्हणाला. त्याला कुठं काय बोलायचं ते कधीच कळलेलं नाही.

बाईंनी कागदावर बावन्न लिहिले. खाली सेहेचाळीस लिहिले. रेघ मारली, वजाबाकी केली आणि कागद माझ्यासमोर सरकवला. खाली सहा आले होते.

हिशोब बरोबर होता.

बाई उठल्या. मागच्या खोलीत कपाटभर जुनी रजिस्टरं होती, पेणची पण. बराच वेळ आत खडबड चालली. एक रजिस्टर घेऊन आल्या, पान काढलं. "चौदा वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या खड्यांसाठी आल्या होत्या. सोबत बहीण होती. वय छप्पन्न. चौदा वर्षांत चार वर्षांनी लहान झाल्या." मग मला म्हणाल्या, "म्हात्रे, तुम्ही यांना खायला काय घालता?"

इथं खुलासा करतो, कारण पुढं कोणीही सांगेल आणि वाढवून सांगेल. आमची हिराबाई माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. लग्नात थोरांनी ठरवलं, आम्ही केलं, कोणी विचारलं नाही. पण गावात आधारचा कॅम्प लागला तेव्हा संगणकावरच्या मुलानं सगळ्यांच्या देखत विचारलं, "दोघांत मोठं कोन? आजी मोठी दिसते." रांग हसली. मी चौपन्नचा होतो. मी म्हटलं, "ती चाळीसची हाय. लिही." आवाज असा लावला की हसणं थांबलं. माझ्याहून चौदा वर्षं लहान म्हणजे जरा जास्तच झालं हे मला घरी गेल्यावर कळलं, पण बोललेलं मी फिरवत नाही. त्या हिशोबानं वसंत ती सहा वर्षांची असताना झाला. हे आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही, सरकारच्याही नाही. एवढंच झालं की हिराबाईची धाकटी बहीण म्हातारी म्हणून एसटीत अर्ध्या तिकिटात जायची आणि ही तरणी म्हणून पूर्ण काढायची. पुढं सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा तो प्रश्न मिटला.

बाईंचं लक्ष आता माझ्याकडं नव्हतं. रजिस्टरच्या पानावर तेव्हाचं सोनोग्राफीचं चित्र चिकटवलेलं होतं, पिवळट पडलेलं. त्या ते खिडकीपाशी घेऊन गेल्या. भिंग लावलं. उजेडाकडं फिरवलं. मग परत येऊन खुर्चीत बसल्या आणि चित्राच्या कोपऱ्यावर पेन्सिल टेकवली.

"इथे आहे," म्हणाल्या.

"काय?"

"गाठ. तेव्हाही होती. करवंदाएवढी. आज आवळ्याएवढी आहे." भिंग परत लावलं. "दिसतेय की. चिठ्ठीवर खडे लिहिले होते. मी खडे मोजत बसले. तेव्हा मी चिठ्ठी आधी वाचत असे."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. त्या कधी समजावत नसत, त्यामुळं सुमनही दारात येऊन उभी राहिली.

स्वादुपिंडातल्या अशा गाठींना डॉक्टर लोक आपसात तीन नावं देतात. लेकीची, आईची आणि आजीची. ज्या वयात बहुतेक सापडते त्यावरून. आईची असते तिच्यात घट्ट, चिकट पाणी असतं, ती पुढं वाईट वळण घेऊ शकते, ती काढतात. आजीची असते तिच्यात पातळ पाणी. ती बहुधा काही करत नाही. नुसती असते.

"मुंबईत स्कॅन वाचणाऱ्यानं पेशंटचं तोंड बघितलेलं नसतं," बाई म्हणाल्या. "त्याच्यासमोर चित्र आणि कागद. चित्रात चार मोठ्या खोल्या पाण्यानं भरलेल्या. कागदावर बाई बावन्नची. त्यानं आईची लिहिली. मीही लिहिली असती."

"आणि ज्यांनी तपासलं त्यांनी?" वसंतनं विचारलं.

"त्यांना वाटलं असेल, गावाकडची बाई, कष्टानं म्हातारी दिसते."

हिराबाई म्हणाली, "ते पन खोटं नाय."

बाईंनी पडदा तिच्याकडं वळवला. "हे बघा. मधे मोठ्या खोल्या. पण इकडे, काठाला." काठाला बारीक बारीक भोकं होती, एकाला एक लागून.

हिराबाई टेबलावरून उतरली, पदर सावरला आणि पडद्याशी नाक नेऊन बघितलं. "घावन हाय," म्हणाली.

"बरोबर. घावनाला पडते तशी जाळी. आईच्या गाठीला अशी जाळी नसते."

"जाली बरी पडल्ये. पीठ नीट भिजलं असल."

"मग ऑपरेशन नको?" वसंत उभाच राहिला.

"मी तसं म्हटलं नाही. मी आकार सांगितला. एमआरआय करून घ्या, त्यात पाणी आणि जाळी जास्त स्पष्ट दिसेल. आणि मुंबईच्या डॉक्टरांना पत्र देते. ठरवायचं त्यांनी. पण ठरवताना त्यांच्यासमोर खरं असू दे." बाईंनी कोरा कागद घेतला. "पत्रात दोन गोष्टी लिहायच्या आहेत. पहिली, चौदा वर्षांपूर्वी ही गाठ चित्रात होती आणि ती माझ्या नजरेतून सुटली."

ते त्यांनी लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, पण लिहिताना मराठीत बोलून दाखवलं. मग लाल वही काढून तिच्यातही लिहिलं. तारीख, नाव, पान. चेहऱ्यावर काही नाही. किराणा लिहावा तसं.

"दुसरी गोष्ट, वय. ते तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "तुमाला कललंय की. लिवा."

"मी दिसलं तेवढंच लिहिते, म्हात्रे. वय मशीनवर दिसत नाही."

"रजिस्टरात हाय ना छप्पन्न."

"रजिस्टरात छप्पन्न आहे. आधारवर बावन्न आहे. यातलं खोटं कोणतं ते मी कसं ठरवणार? मुंबईचे डॉक्टर मला विचारतील. मी म्हणेन, नवऱ्यानं समोर बसून सांगितलं."

मी उठलो आणि बाहेर गेलो.

नदीच्या रस्त्यावर एका टपरीवर चहा सांगितला. मनात म्हटलं, खरं वय सांगितलं की ती माझ्यापेक्षा मोठी हे वसंतला कळणार. वसंतला कळलं की सूनबाईला, सूनबाईला कळलं की दिवे लागायच्या आत बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आधारच्या कॅम्पपासून बारा वर्षं ज्यांची तोंडं बंद ठेवली ती सगळी उघडणार. आणि बाईंनी एवढं ओळखलंच आहे तर स्वतः लिहायला काय जातं? माझ्या तोंडून काढायची हौस कशाला? असा बराच वेळ मी बाईंवर रागावून उभा राहिलो.

पण सहीचं डोक्यातून जाईना. मुंबईला तो फॉर्म वसंतनं मला दाखवला होता, घरच्यांनी द्यायच्या सहीचा. मी सही करण्याआधी वरचं वाचतो. हळू वाचतो, पण वाचतो. त्या फॉर्मवर वरती हिराबाईच्या नावापुढं वय बावन्न होतं. म्हणजे वर माझीच थाप आणि खाली माझीच सही. मधे तिचं पोट.

चहा तसाच ठेवून मी परत आलो. बाकावरची माणसं माझ्याकडं रागानं बघत होती, कारण त्यांचं सगळं तुंबलेलं होतं. आत गेलो. हिराबाई तिथंच बसली होती, जेली पुसलेला कागद घडी करून हातात धरून.

"सत्तर," मी म्हणालो. "माझ्यापरीस तीन वर्सांनी मोठी हाय."

"चार," हिराबाई म्हणाली.

"चार," मी म्हणालो.

वसंत भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. बाईंनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला, पाकीट माझ्या हातात दिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. चांगलं केलंत वगैरे. माणूस म्हणतो.

"सुमन," त्या म्हणाल्या, "पुढचा पेशंट."

एमआरआय पनवेलला झाला. काठाची जाळी तर निघालीच, शिवाय गाठीच्या मधोमध चांदणीसारखा एक व्रण निघाला. तो आजीच्या गाठीतच सापडतो म्हणाले. मुंबईच्या डॉक्टरनं आमच्यासमोर टिपणीसबाईंना फोन लावला. बोलणं इंग्रजीत झालं. फोन ठेवून तो म्हणाला, ऑपरेशन नको, दर वर्षाला एकदा बघत राहायचं. मग बाईंचं पत्र पुन्हा वाचलं, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवलं, आणि म्हणाला, असं पत्र मला आजवर कोणी लिहिलेलं नाही. मूळ दुखणं आम्लपित्ताचं निघालं. त्याला सकाळची एक गोळी.

सोमवारी पापडाचं पीठ मळलं. गाव हसलं. आठ दिवस हसलं. मग गावात दुसरं काहीतरी झालं. आधार दुरुस्त करायला तालुक्याला दोन खेपा पडल्या. पहिल्या खेपेला तिथला माणूस म्हणाला, "आजोबा, वय कमी करायला येतात, वाढवायला कोन येत नाय." मी म्हटलं, "मी आलोय."

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा पेणचा दवाखाना बंद झालेला. रोह्याला बघितलं. बाई म्हणाल्या, सारखीच आहे.

यंदा परत गेलो. हिराबाई, मी, वसंतला नेलं नाही. बाई आणखी वाळल्या होत्या. जेली कोमट होती. बघितलं, मोजलं, लिहिलं. "सारखीच आहे." मग एक जाड पाकीट काढलं. त्यात चौदा वर्षांपूर्वीचं चित्र, त्याच्यावर प्लास्टिक चढवलेलं, मधली सगळी चित्रं, आणि वर मोठ्या मराठी अक्षरात हिराबाईचं नाव.

"मशीन विकलंय. पुढच्या महिन्यात नेतील. पुढल्या वर्षी ज्याच्याकडे जाल त्याला आधी पोट बघू द्या. मग हे द्या."

हिराबाई म्हणाली, "बाई, मंग तुमी आता काय करनार?"

बाईंनी विचार केला. "बसून जेवेन," म्हणाल्या.

आम्ही निघालो. रस्त्याला लागल्यावर मी हिराबाईला म्हटलं, "पिशवी राहिली बाकावर. तू हितंच थांब, मी आणतो." ती सावलीला थांबली.

पिशवी राहिली नव्हती. मी ठेवली होती. हिराबाईच्या देखत सारखीच आहे म्हणाल्या, आता ती नसताना काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं.

बाहेरचा बाक रिकामा होता. सुमन कुठं दिसली नाही. आतलं दार अर्धवट उघडं. बाई पडद्यासमोर उभ्या होत्या, माझ्याकडं पाठ. पडद्यावर आमचीच गाठ होती. मी ती आता ओळखतो. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातानं ते बाण एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओढत होत्या. आकडा आला. पुसला. परत ओढला. तोच आला. परत पुसला.

मी पाय वाजवला नव्हता. तरी त्या वळल्या नाहीत आणि म्हणाल्या, "पिशवी बाकाखाली आहे, म्हात्रे."

"व्हय," मी म्हणालो. "पिशवीसाठीच आलो."

"सारखीच आहे," त्या म्हणाल्या. "जा. हिराबाई उन्हात असतील."

"सावलीला हाय."

"मग बरं."

मी पिशवी घेतली. दारातून एकदा बघितलं. त्या परत मोजत होत्या.